घोयऱ्याची तहान



गेल्या फाल्गुनात टाकवे बुद्रुक येथील एका व्यापारी कुटुंबाकडून या सदरासाठी पत्र आले. गोदामामागील मेंदीच्या कुंपणात त्यांच्या नववीतील चिरंजीवांना एक घोयरा सापडला. मुलाने त्यास जाळीच्या खोक्यात ठेवले, आत एक फांदी खोचली आणि स्टीलच्या वाटीत पाणी भरून ठेवले. तीन दिवस लोटले, घोयरा पाण्यास शिवला नाही. वाटी बदलून पितळेची झाली. चौथ्या दिवशी आजीबाईंनी आपली चांदीची वाटी काढून दिली. तरीही त्याने तोंड लावले नाही, आणि त्याचे डोळे आत ओढल्यासारखे दिसू लागले. गृहिणीने पत्रात एवढेच विचारले होते: ‘‘मुका जीव आहे, तहानेने तळमळतो आहे असे वाटते. त्यास पाणी कसे पाजावे?’’

उत्तर पत्राने देण्याइतका अवधी नव्हता. दूरध्वनीवरून कळविले की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर ताबडतोब सांगावे आणि तोवर खोक्यातील फांदीच्या पानांवर वरून थेंब थेंब पाणी सोडावे. खोक्यात पाने नव्हती. जास्वंदीची एक फांदी तोडून आत घातली, तिच्यावर ओल्या कपड्यातून पाणी ठिबकविले. काही वेळाने तो घोयरा हळूहळू सरकत पुढे आला आणि पानावरून ओघळणारे थेंब टिपू लागला. पुष्कळ वेळ तो पीत होता. पुढे वनकर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने तो जेथे सापडला त्याच कुंपणात परत गेला.

घोयऱ्याच्या रंगपालटाविषयी शाळकरी मुलासही ठाऊक असते. मत बदलणाऱ्या पुढाऱ्यास सरड्याची उपमा देण्याचा आपला परिपाठ तर फारच जुना आहे. परंतु हा प्राणी पाणी कसे पितो हे फार थोड्यांस माहीत असते, आणि त्याच्या जिवावर बेतते ते नेमके याच अज्ञानातून. साचलेले, संथ पाणी बहुधा त्याच्या ध्यानातच येत नाही. त्याचे सारे आयुष्य फांद्यांवर जाते. तेथे पाणी भेटते ते पहाटेच्या दवाच्या रूपाने आणि पावसाच्या पानावरून घरंगळणाऱ्या थेंबांच्या रूपाने. चमकणारा, हलणारा, पडणारा थेंब दिसला की त्यास हे पाणी आहे अशी ओळख पटते. वाटीतले पाणी चांदीचे असो की मातीचे, त्याच्या लेखी ती एक निश्चल वस्तू असते.

टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातील गाव. कान्हे फाट्यावरून आत वळले की आंद्रा नदीच्या खोऱ्यात रस्ता शिरतो आणि पुढे ठोकळवाडीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरवून भिवपुरी येथे १९२२ पासून वीज निर्माण होत आली आहे. एवढा अफाट जलसाठा खोऱ्यात असताना त्याच खोऱ्यातील एक जीव तहानलेला राहावा हे ऐकावयास विचित्र वाटते. पण जलाशय घोयऱ्याच्या उपयोगाचा नाही. पावसाळ्याचे चार महिने मावळात पाण्याची ददात नसते. हिवाळ्यात दव असते. खरी कसोटी होळीपासून मृगापर्यंत. पूर्वी या दिवसांतही ओढ्याकाठची झाडी, विहिरीचा ओला परिसर, परसातील केळी आणि आळवाचे वाफे यांमुळे कोठे ना कोठे पाने ओली होत. आता विहिरींवर जाळ्या आणि झाकणे आली, परसांत फरश्या बसल्या, कुंपणांच्या जागी भिंती उभ्या राहिल्या. आपल्यापैकी अनेकांची गोदामे व घरे त्या भिंतींच्या आतच आहेत. तेव्हा हा विषय दूरच्या रानाचा नाही.

या प्राण्याविषयी चार शब्द आधी सांगितले पाहिजेत. घोयरा, सरडगुहिरा, गुहिरा अशा नावांनी तो ओळखला जातो. भारतात आढळणारी शॅमेलिऑनची ही एकमेव जाती. पायांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली, शेपटी फांदीला वेटोळे घालणारी, दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरणारे. चाल इतकी संथ की प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी तो मागे-पुढे डुलतो. मावळाच्या पावसाळी पट्ट्यात तो विरळाच दिसतो. कोरड्या झुडपी माळावर अधिक. डिवचल्यास अंग फुगवतो, जबडा उघडून फुत्कारतो, आणि या एका सवयीपायी खेडोपाडी त्यास विषारी ठरवून दगडांनी मारतात. त्यास विष नाही. कोणत्याही अर्थाने तो माणसास अपायकारक नाही. आपल्या घरातील नोकर-चाकर, गोदामातील हमाल बांधव यांस हे एकदा समजावून सांगितले तरी बरेच जीव वाचतील.

आता पाळण्याचा प्रश्न. मुलांना हा प्राणी फार आवडतो आणि ते स्वाभाविक आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या घोयऱ्यास संरक्षण दिलेले आहे. त्यास पकडणे, घरी ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे. येमेन किंवा मादागास्करकडील परदेशी जाती हौशी लोक पाळतात. त्यांचाही समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांत होतो, आणि कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अशा प्राण्यांची शासनाकडे नोंदणी करणे मालकावर बंधनकारक झाले आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या घरांपुढे एक अडचण उरतेच, आणि ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. घोयरा जिवंत कीटकांवर जगतो. त्यास पाळणे म्हणजे रोज नाकतोडे, टोळ, झुरळे जिवंत आणून त्याच्यापुढे सोडणे. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते, जेथे पाणी गाळल्यावाचून हंड्यात जात नाही, तेथे बालकाच्या हातून हे रोजचे काम करवून घ्यावयाचे काय? झाडावरील घोयरा काय खातो हा निसर्गाचा व्यवहार आहे, त्यात आपला हात नाही. पिंजऱ्यातील घोयऱ्यास खाऊ घालण्यात मात्र आपलाच हात असतो. दया म्हणून सुरू केलेले हे पालन एका जिवासाठी शेकडो जीव आपल्या हाती देते. टाकव्याच्या त्या मुलास हा मुद्दा पुष्कळ समजावून सांगावा लागला नाही असे त्याच्या आईने नंतर कळविले. त्याची अट एकच होती: घोयरा परत गेला तरी त्याच्या पाण्याची सोय आपण करायची.

ती सोय कशी करावी हा आजचा विषय.

थेंब थेंब पाणी पाडण्याचे साधन आपल्या देशाला नवे नाही. शिवमंदिरात पिंडीवर टांगलेली तांब्याची गळती सर्वांनी पाहिलेली असते. तळाशी बारीक छिद्र असते आणि धार न होता थेंब पडावा म्हणून पुजारी त्यात दर्भ किंवा कापसाची वात अडकवितात. घरी पहिला प्रयोग बहुतेक जण याच धर्तीवर करतात: प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला तापलेल्या सुईने भोक पाडायचे आणि ती झाडाला टांगायची. हे साधन एक दिवस चालते. सकाळी बाटली भरलेली असताना थेंबांची जवळजवळ धार लागते, आणि जसजशी पातळी उतरते तसतसा वेग मंदावतो. साध्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वर उभ्या असलेल्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाणी चतुर्थांश उरले की वेग निम्मा होतो. शेवटी पृष्ठताणामुळे थेंब छिद्रापाशीच अडकून बसतो आणि तळाशी चार बोटे पाणी असूनही ठिबकणे थांबते. दुसऱ्या दिवशी भोकात धुळीचा कण येतो. आठवडाभरात क्षार साचून भोक बुजते. आपण वरून पाहावे तर बाटलीत पाणी आहे, म्हणजे सर्व ठीक आहे असे वाटते. खाली पान मात्र कोरडे असते.

यावर स्वस्त आणि भरवशाचा उपाय औषधांच्या दुकानात मिळतो: सलाईनचा नवा सेट. रुग्णाच्या शिरेत मोजून थेंब सोडण्यासाठीच तो बनविलेला असल्यामुळे आपल्या कामास तो चपखल बसतो. त्यात एक टोकदार नळी, थेंब दिसावेत म्हणून पारदर्शक कुपी, लांब लवचीक नळी आणि ती नळी कमी-अधिक दाबणारे चाक असते. सुई अर्थातच काढून टाकावी. नवा सेटच घ्यावा, कारण वापरलेला सेट हा रुग्णालयीन कचरा आहे. फुकट मिळतो म्हणून आणू नये. तसेच उरलेल्या सलाईनची बाटली जशीच्या तशी टांगण्याचा मोह आवरावा. त्यात मीठ असते. घोयऱ्यास, पाखरांस साधे पाणी हवे. साखर, ग्लुकोज, औषध यांतील काहीही त्यात घालू नये.

पाण्यासाठी आपल्या घरी पाच लिटरचा गोडेतेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा असतोच. तो गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने तेलाचा अंशही न राहीपर्यंत धुवावा आणि साबणही पूर्ण निघेल असा खळखळून विसळावा. तळापासून दोन बोटे वर, बाजूच्या भिंतीत, सेटच्या टोकदार नळीपेक्षा किंचित लहान छिद्र पाडून ती घट्ट बसवावी. दोन बोटे वर अशासाठी की गाळ खाली बसतो आणि नळीत शिरत नाही. झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र ठेवावे व त्यावर पातळ कापड बांधावे. हवेचे छिद्र विसरले तर थोड्या वेळाने आत पोकळी निर्माण होऊन ठिबकणे बंद पडते. डबा दुधी रंगाचा असल्यास उन्हात शेवाळ धरते. म्हणून त्यास गडद कापड किंवा गोणपाट गुंडाळावे. गोणपाट ओले ठेवले तर पाणीही गार राहते.

डबा कोठे टांगावा याला महत्त्व आहे. नळीचे खालचे टोक आणि डब्यातील पाणी यांत जितके अधिक अंतर, तितका वेग स्थिर. डबा नळीच्या टोकाहून एक मीटर वर असेल आणि त्यातील पाणी वीस सेंटिमीटर खोल असेल, तर पूर्ण भरलेला डबा रिता होईपर्यंत दाब एक-षष्ठांशच घटतो. तळाला भोक पाडलेल्या बाटलीत तो पूर्ण दाबापासून शून्यावर येतो. एवढ्या एका गोष्टीने निम्मी तक्रार मिटते. डब्याची खोली कमी व पसारा अधिक असेल तर आणखी चांगले.

ज्यांना यापुढे जाऊन अगदी एकसारखा वेग हवा असेल त्यांच्यासाठी सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एदमे मारिओत याच्या नावाने ओळखली जाणारी बाटली आहे. बाटलीचे तोंड बुचाने हवाबंद करावयाचे आणि बुचातून एक सरळ नळी आत पाण्यात बुडेल अशी बसवायची. खालून पाणी गेले की हवा या नळीतूनच बुडबुड्यांच्या रूपाने आत येते. त्यामुळे दाब ठरतो तो पाण्याच्या वरच्या पातळीवरून नव्हे, तर आतील नळीच्या खालच्या टोकावरून, आणि पाणी त्या टोकापर्यंत उतरेतो वेग बदलत नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीत करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे. मात्र ही बाटली सावलीतच हवी. ऊन लागले की आत कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि पाणी बाहेर ढकलते, मग सारा हिशेब बिघडतो. रोजच्या वापराला मी वर सांगितलेला डबाच पसंत करतो.

हिशेब आपल्या समाजास सांगावा लागत नाही, तरी आकडे लिहून ठेवतो. साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. लहान मुलांसाठीच्या सूक्ष्म सेटमध्ये ६० थेंबांचे. दोन्ही आकडे वेष्टनावर छापलेले असतात, ते पाहून घ्यावेत. साध्या सेटमधून मिनिटाला ३० थेंब सोडले तर तासाला ९० मिलिलिटर पाणी जाते. पाच लिटरचा डबा ५५ तास पुरतो. सूक्ष्म सेटमधून तितकेच थेंब सोडल्यास तासाला केवळ ३० मिलिलिटर, म्हणजे तोच डबा अहोरात्र चालू राहूनही जवळजवळ सात दिवस पुरतो. थेंब कुपीत मोजावेत. घड्याळ समोर ठेवून एक मिनिट मोजायचे, चाक फिरवायचे, पुन्हा मोजायचे. नळी नवी असताना दाबाखाली ती किंचित बसते व वेग बदलतो, म्हणून तासाभराने पुन्हा एकदा मोजणे आवश्यक असते. रुग्णालयातील परिचारिका वारंवार येऊन कुपीकडे का पाहतात ते यावरून कळेल.

आता क्षार आणि कचरा, म्हणजे भरवशाचे खरे शत्रू. येथे आपल्या घरातील जुनी शिस्त उपयोगी पडते. दुहेरी जाड कापडातून गाळलेले पाणीच डब्यात भरावे. गाळण्याच्या कापडात जे सूक्ष्म जीव अडकतात ते मूळ पाण्यात परत सोडण्याची आपली रीत येथेही पाळता येते. क्षार मात्र गाळण्याने जात नाहीत. विंधन विहिरीचे पाणी असेल तर ते उकळून, निवू देऊन, मग गाळावे. उकळल्याने पाण्यातील चुन्याचा बराच भाग पांढऱ्या साक्याच्या रूपाने भांड्याच्या तळाशी बसतो. ज्या घरांत प्यायचे पाणी तसेही रोज उकळले जाते त्यांना यासाठी निराळे कष्ट नाहीत. इतके करूनही पंधरा दिवसांतून एकदा नळीतून पातळ केलेले लिंबूपाणी किंवा व्हिनेगर सोडून, ते अर्धा तास राहू देऊन, स्वच्छ पाण्याने नळी पूर्ण धुऊन घ्यावी.

ठिबक सिंचन वापरणारे शेतकरी हेच करतात, फार मोठ्या प्रमाणावर. त्यांच्या संचात गाळणीला पहिला मान असतो आणि क्षार काढण्यासाठी नळ्यांतून आम्ल सोडण्याची प्रक्रिया ठरावीक काळाने करावी लागते. ही विद्या महाराष्ट्राच्या शेतापर्यंत पोहोचविण्यात आपल्याच समाजातील एका व्यापारी पुत्राचा वाटा मोठा आहे हे येथे सांगितले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे भवरलालजी जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीने व्यवसायाचा आरंभ केला. पुढे पाइपांच्या कारखान्यापाठोपाठ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते ठिबक सिंचनाकडे वळले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचे मोल लाभ-हानीच्या पत्रकापेक्षा खानदेशातील केळीच्या बागांत अधिक दिसते असे माझे मत आहे.

पण शेतातला ड्रिपर आणून झाडाला लावावा म्हणाल तर तो आपल्या कामाचा नाही. शेतीच्या ड्रिपरमधून तासाला चार लिटर पाणी सामान्यपणे जाते. आपल्याला हवे त्याच्या सुमारे ४४ पट. तो मुळांसाठी आहे, जिभेसाठी नाही. शिवाय दाब कमी-जास्त झाला तरी वेग सारखा ठेवणाऱ्या ड्रिपरला जो दाब लागतो तो घराच्या छपरावरील टाकीतून बहुधा मिळत नाही.

नळीचे टोक पानावर टेकवू नये. वीतभर वरून थेंब पडू द्यावा. थेंब आपटून फुटतो, पान हलते, चमक उठते, आणि हीच घोयऱ्यासाठी खूण असते. रुंद पानांचे झाड निवडावे: जास्वंद, पेरू, उंबर. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तेथून आणखी खालच्या पानावर असे पाणी उतरत गेले तर उत्तम. कण्हेर व रुई टाळावी; त्यांच्यात विष आहे. जागा जमिनीपासून पुरुषभर उंच आणि दाट फांद्यांच्या आत असावी. उघड्यावर लावलेले पाणी हे मांजराला बसण्याचे आमंत्रण ठरते, आणि आपण पाजलेल्या पाण्यापाशीच एखाद्या जिवाचा घात होतो. सकाळी ऊन अंगावर आल्यानंतरचे दोन-तीन तास थेंब पडत राहिले तरी पुरते. दिवसभर चालू ठेवता आले तर पाखरांचीही सोय होते. शिंजीर पक्षी ओल्या पानांत अंग घोळून स्नान करतात. ते दृश्य ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी खिडकीशी बसून अवश्य पाहावे.

थेंब शेवटी जेथे पडतात तेथे पसरट भांडे ठेवू नका. झाडाचे आळे असू द्या, पाणी मातीत मुरू द्या. साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी तयार होते. मग ते पाणी फेकावे तर अळ्या मरतात, न फेकावे तर गावात हिवताप आणि डेंग्यू. या पेचात पडण्यापूर्वीच तो टाळणे शहाणपणाचे. अंगणात पाखरांसाठी मातीचे परळ ठेवण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे. त्यातील पाणी रोज बदलावे, परळ घासून घ्यावे आणि मध्ये एक दगड किंवा काडी टाकावी, म्हणजे पडलेल्या मधमाशीस चढून येता येईल.

एखादा घोयरा जखमी, अशक्त स्थितीत सापडला तर त्याच्या तोंडात पिचकारीने किंवा चमच्याने पाणी घालण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ते श्वासनलिकेत जाऊन तो दगावू शकतो. वनखाते येईपर्यंत सावली, शांतता, पानांची फांदी आणि वरून पडणारे थेंब, इतकेच. डोळे खोल गेलेले असणे हे तहानेचे लक्षण. दुसरे लक्षण विष्ठेबरोबर येणाऱ्या पांढऱ्या खड्यात दिसते: पाणी पुरेसे असेल तर तो पांढरा असतो, कमी पडले की पिवळा, मग नारिंगी होतो. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या काही नातेवाइकांच्या मुलांनी तेथील कायद्यानुसार असे प्राणी पाळलेले आहेत. त्यांनी हे लक्षण रोज पाहावे. दीर्घकाळ पाणी कमी पडले की या प्राण्याची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि बाहेरून काही दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

पाण्याची सोय करणे हे पुण्यकर्म आपल्या मावळात किती जुने आहे याची एक साक्ष कामशेतजवळील पाले गावच्या डोंगरात आहे. तेथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. अर्हंतांना नमस्कार करून तो सांगतो की भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणे करविले, आणि त्याबरोबर पोढीही. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या सर्वांत प्राचीन लिखित खुणांपैकी ही एक मानली जाते. लेण्याचा उल्लेख आपण आवर्जून करतो. पोढीचा करावयास विसरतो.

राहता राहिला सर्वांत अवघड भाग, तो सातत्याचा. उन्हाळ्यात एका झाडावर रोज पाणी मिळते हे एकदा कळले की पाखरे, खारी, घोयरा सारेच त्या वेळेला तेथे येऊ लागतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या घरांना कुलुपे लागतात: कोणी पालिताण्याला, कोणी शिखरजीला, कोणी लग्नसराईत गुजरात-राजस्थानाकडे. सात दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी सूक्ष्म सेट व भरलेला डबा पुरतो, मात्र निघण्यापूर्वी दोन दिवस तो चालवून, डब्यावर खडूने पातळीच्या खुणा करून, अंदाज पक्का करावा. त्याहून अधिक काळ जाणे असेल तर किल्लीबरोबर शेजाऱ्यांकडे हे कामही सोपवावे. दुकानातील माणसास सांगून जाणार असाल तर डबा भरणे आणि कुपीतील थेंब पाहणे ही दोन्ही कामे निरनिराळी सांगावीत. भरलेला डबा पाहून बहुतेक जण समाधानाने परत फिरतात. टाकव्याच्या त्या मुलाने गोदामाच्या हजेरीवहीतच एक रकाना वाढविला आहे. सकाळी कुलूप उघडणाऱ्याने मिनिटाचे थेंब मोजून तेथे आकडा लिहावयाचा. वैशाखात एके दिवशी आकडा ३० वरून ११ वर आलेला दिसला, आणि नळीत क्षार धरल्याचे त्याच दिवशी कळले.

मृगाचा पाऊस स्थिरावला की डबा उतरवावा. नळी एकदा लिंबूपाण्याने व दोनदा साध्या पाण्याने धुऊन, चाक पूर्ण सैल करून, सावलीत टांगून वाळवावी; चाक आवळलेले राहिले तर नळी तेथे कायमची चपटी होते. डबा कोरडा करून पालथा ठेवावा. सेट शक्यतो दर वर्षी नवा घ्यावा, आणि तो माघ सरण्यापूर्वीच आणून ठेवावा.